घरच्या घरी हँडबेलवर चेंज रिंगिंग : नव्याने शिकणाऱ्यांसाठी

इंग्लंडमधील चर्चच्या मनोऱ्यांत सतराव्या शतकापासून घंटा वाजवण्याची एक निराळी कला जोपासली गेली आहे. तिला चेंज रिंगिंग म्हणतात. तीत गाण्याची चाल नसते. सहा, आठ किंवा बारा घंटा एकामागून एक, प्रत्येकी एकदाच वाजतात. अशी एक ओळ पूर्ण झाली की पुढच्या ओळीत त्यांचा क्रम ठरलेल्या नियमाने बदलतो, आणि सगळे बदल संपून घंटा मूळ क्रमावर परत येईपर्यंत एकही ओळ पुन्हा वाजत नाही. मनोऱ्यातील घंटा शेकडो किलो वजनाची असते आणि चाकावर पूर्ण वर्तुळात फिरते, त्यामुळे तिला पुढच्या वेळी किंचित लवकर किंवा किंचित उशिरा वाजवणे एवढेच माणसाच्या हाती असते. म्हणून एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना कोणतीही घंटा एका जागेहून अधिक पुढे किंवा मागे सरकत नाही. ती एक तर शेजारणीशी जागा बदलते किंवा आहे तिथेच थांबते. हातातल्या छोट्या घंटेवर असे कोणतेही शारीरिक बंधन नाही, तरीही हा नियम तिथेही तसाच पाळतात, आणि सगळी गंमत त्या नियमातच आहे.

क्रमबदलाची ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात सात स्वरांचे ५०४० क्रम मोजले आणि ते शोधण्यासाठी खंडमेरूची रीत सांगितली. सात घंटांचे हेच ५०४० बदल इंग्लंडमध्ये ‘पील’ या पूर्ण लांबीच्या वादनाचे माप ठरले. मात्र खंडमेरूत एका क्रमावरून कोणत्याही क्रमावर जाता येते. इथे शेजारणीपलीकडे उडी मारता येत नाही. महाराष्ट्राशी आणखी एक धागा पुण्यात सापडतो. गुरुवार पेठेतील पंचहौदाचे चर्च, जे आपल्याला १८९० च्या चहा प्रकरणामुळे आणि त्यावरून झालेल्या ग्रामण्यामुळे अधिक ठाऊक आहे, त्याच्या मनोऱ्यात इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटांचा संच आहे.

हँडबेलवरचा सराव मनोऱ्यातील सरावाला पूरक म्हणून सुरू झाला. थंडीत उंच मनोऱ्यात तासन्‌तास उभे राहून आणि सगळ्या गावाला ऐकवून नवीन रचना पाठ करण्यापेक्षा शेकोटीजवळ बसून ती आधी हातात बसवणे सोयीचे होते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला विल्टशर परगण्यातील ऑल्डबोर्न गावी कोर बंधूंनी अशा हँडबेल ओतल्या. पुढे हँडबेल वाजवणे हा स्वतंत्र छंद झाला आणि आज मनोऱ्यात कधीही न चढलेली माणसेही तो करतात. एक गोष्ट मात्र आरंभीच समजून घ्यावी : हँडबेलवर प्रत्येक वादक दोन घंटा वाजवतो, प्रत्येक हातात एक. मनोऱ्यात एका दोरावर लक्ष ठेवले की भागते. इथे दोन वेगवेगळ्या वाटा एकाच वेळी चालायच्या असतात. त्यामुळे अनुभवी मनोरावादकालाही हँडबेल सुरुवातीला जड जाते आणि नवशिक्याला त्याच्यापुढे फारसे मागे असल्यासारखे वाटत नाही.

माणसे आणि घंटा

दोन माणसे असतील तर चार घंटा आणि तीन माणसे असतील तर सहा घंटा, हे घरासाठी योग्य माप आहे. चार घंटांचे सर्व मिळून २४ क्रम होतात, सहांचे ७२० आणि आठांचे ४०,३२०. आठ घंटांवरचे हे सगळे क्रम एकाच चमूने न थांबता वाजवण्याचा पराक्रम १९६३ मध्ये लफबरो येथील घंटांच्या ओतशाळेच्या मनोऱ्यात झाला आणि त्याला जवळजवळ १८ तास लागले. तेव्हा आठाचा मोह पहिल्या वर्षी तरी टाळावा.

खरी हँडबेल काशाची असते, तिला चामड्याच्या पट्ट्याची मूठ असते आणि तिचा लोळा बिजागरीवर बसवलेला असल्यामुळे तो फक्त पुढे-मागे, एकाच रेषेत हलतो. पूजेची घंटा या कामाला चालत नाही, कारण तिचा लोळा सगळ्या दिशांना मोकळा लोंबतो आणि एका हालचालीत दोन-तीन ठोके देतो. इथे एका हालचालीत नेमका एकच ठोका हवा. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्यांनी जवळच्या चर्चच्या मनोऱ्यातील वादकांकडे चौकशी करावी. बहुतेक ठिकाणी नवागतांचे स्वागत होते, श्रद्धेची अट घातली जात नाही, आणि पुष्कळ मनोऱ्यांच्या कपाटात हँडबेलचा जुना संच पडून असतो. भारतात खरा संच मिळवणे अवघड आणि खर्चिक आहे. लहान मुलांसाठी मिळणारा आठ स्वरांचा रंगीत घंटांचा संच सुरुवातीला चालतो, मात्र घेण्यापूर्वी त्याचा लोळा एकाच रेषेत हलतो का, हे तपासावे. तोही नसेल तर ‘रिंगिंग रूम’ हे संकेतस्थळ वापरता येते. २०२० मध्ये साथीमुळे मनोरे बंद पडले तेव्हा ते तयार झाले, आणि त्यावर वेगवेगळ्या गावांतील माणसे कळफलकाच्या कळा दाबून एकत्र वाजवू शकतात. पुण्यात आई-वडील आणि लेस्टरमध्ये मुलगी अशा कुटुंबाला तर ते फारच सोयीचे पडते, फक्त जालजोडणी मंद असेल तर ठोके उशिरा ऐकू येतात.

घंटांची निवड आपल्या स्वरांत सांगायची तर सहा घंटांसाठी शुद्ध ध प म ग रे सा हे उतरते स्वर घ्यावेत. सर्वांत उंच ध म्हणजे पहिली घंटा, तिला ट्रेबल म्हणतात; सर्वांत खालचा सा म्हणजे सहावी, ती टेनर. चार घंटांसाठी म ग रे सा पुरेसे होतात.

बसणे आणि धरणे

हात नसलेल्या खुर्च्यांवर गोल करून जवळजवळ बसावे. विषम क्रमांकाची घंटा उजव्या हातात आणि सम क्रमांकाची डाव्या हातात असते; ज्याच्याकडे १ आणि २ आहेत त्याच्या डावीकडच्या माणसाकडे ३ आणि ४ येतात, आणि असेच पुढे. घंटेचे तोंड वरच्या बाजूला ठेवून मूठ सैल पण निसटणार नाही अशी धरावी, आणि लोळ्याची रेषा मनगटाच्या हालचालीच्या रेषेत आली आहे ना, हे पाहावे. ही रेषा चुकली की घंटा मुकी राहते किंवा दोनदा वाजते, आणि नवशिका तो दोष स्वतःच्या मनगटाला देत बसतो.

ठोके दोन प्रकारचे असतात. हात खालून वर नेत जो ठोका पडतो तो हँडस्ट्रोक आणि वरून खाली आणताना पडतो तो बॅकस्ट्रोक. एक ओळ वर, पुढची ओळ खाली, असे अखंड चालू राहते. हालचाल कोपरापासून करावी आणि मनगटाने शेवटी हलकासा झटका द्यावा. खांदा हलू लागला तर दहा मिनिटांत थकवा येतो. पहिल्या दिवशी प्रत्येकाने एकट्यानेच उजवा-डावा, उजवा-डावा असे वर आणि खाली वाजवून दोन्ही हातांचे ठोके सारख्या जोराचे होतात का, हे ऐकावे. बहुतेकांचा खाली येणारा ठोका वर जाणाऱ्यापेक्षा मोठा पडतो.

राउंड्स : इथे घाई करू नये

१ २ ३ ४ ५ ६ असा उतरता क्रम पुन्हा पुन्हा वाजवणे म्हणजे राउंड्स. हे काम सोपे दिसते, आणि नेमके म्हणूनच लोक ते लवकर सोडून पुढे जातात. माझ्या मते पहिल्या काही बैठका केवळ यावर घालवल्या तरी त्या वाया जात नाहीत, कारण पुढे क्रम कितीही गुंतागुंतीचा झाला तरी ठोक्यांमधील अंतर जसेच्या तसे राहायला हवे. राउंड्समध्येच जे अंतर समान आले नाही ते पुढे कधीच येत नाही.

एक बारकावा इथेच शिकावा. दोन ओळी, म्हणजे एक हँडस्ट्रोकची आणि एक बॅकस्ट्रोकची, सलग वाजतात आणि त्यानंतर पुढच्या हँडस्ट्रोकपूर्वी एका ठोक्याएवढी जागा रिकामी सोडतात. सहा घंटांवर म्हणजे बारा ठोके आणि तेरावी मात्रा मोकळी. चार घंटांवर आठ ठोके आणि नववी मात्रा मोकळी. तबल्याचा किंवा टाळांचा कान असलेल्यांना ही विषम आवर्तने सुरुवातीला खटकतात आणि ते नकळत तेरावी मात्रा गिळून टाकतात. मोठ्याने अंक म्हणत, मोकळ्या मात्रेवर श्वास घेत वाजवले की ती सवय मोडते. वेग बेताचा असावा : सहा घंटांची एक ओळ सुमारे दोन सेकंदांत.

घरात लहान मुले किंवा नुसते पाहायला आलेले पाहुणे असतील तर प्रत्येकी एकच घंटा देऊन, एकाने नावे घेत शेजारच्या दोन घंटांची अदलाबदल करायला सांगावी. ‘२ आणि ३’ असे म्हटले की पुढच्या हँडस्ट्रोकपासून क्रम १ ३ २ ४ ५ ६ होतो आणि पुढची सूचना येईपर्यंत तोच वाजत राहतो. याला कॉल चेंजेस म्हणतात. यात मजा येते, पण ज्यांना खरेच शिकायचे आहे त्यांनी एका घंटेवर फार दिवस रेंगाळू नये. दोन हातांची सवय उशिरा लावली तर ती अधिक कठीण जाते.

प्लेन हंट, आधी चार घंटांवर

आता बदल सुरू होतात. प्लेन हंटमध्ये दोन पावले आलटून पालटून येतात : एका ओळीत पहिली-दुसरी आणि तिसरी-चौथी जागा आपापसात बदलतात, पुढच्या ओळीत फक्त मधल्या दोन जागा बदलतात. राउंड्स चालू असताना चमूचा प्रमुख ‘गो प्लेन हंट’ म्हणतो आणि पहिला बदल त्यानंतरच्या हँडस्ट्रोकला पडतो.

१ २ ३ ४
२ १ ४ ३
२ ४ १ ३
४ २ ३ १
४ ३ २ १
३ ४ १ २
३ १ ४ २
१ ३ २ ४
१ २ ३ ४

या तक्त्यात कोणतीही एक घंटा निवडून तिच्यावरून पेन्सिलीने रेघ ओढावी. ती एकेक जागा मागे सरकते, शेवटी दोन ओळी थांबते, तशीच पुढे येते आणि पहिल्या जागेवरही दोन ओळी थांबते. सर्व घंटा हीच वाट चालतात, फक्त प्रत्येकीची सुरुवात वेगळ्या ठिकाणी होते.

आता ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी : वाजवताना अंकांचा तक्ता आठवायचा नसतो, आपल्या दोन हातांच्या जागा आठवायच्या असतात. १-२ वाजवणाऱ्याच्या उजव्या आणि डाव्या हाताच्या जागा क्रमाने अशा येतात : १ व २, २ व १, ३ व १, ४ व २, ४ व ३, ३ व ४, २ व ४, १ व ३, आणि पुन्हा १ व २. यात एक सुंदर नियमितता आहे. दोन ओळी दोन्ही हात लागोपाठ वाजतात, पुढच्या दोन ओळी त्यांच्या मधे दुसऱ्याची एक घंटा येते, मग पुन्हा दोन ओळी लागोपाठ. ३-४ वाजवणाऱ्याचीही हीच आकृती आहे, फक्त आरशात पाहिल्यासारखी उलट. हाताला ही आकृती कळली की मेंदूवरचा अर्धा भार उतरतो. उजव्या हाताची वाट एकीकडे आणि डाव्या हाताची दुसरीकडे अशी वेगवेगळी पाठ करणारे दोन-तीन ओळींनंतर हमखास अडकतात.

एकट्याने सराव करताना घंटेची गरज नाही. टेबलावर दोन्ही हातांनी ठोके देत आणि चारही जागा तोंडाने म्हणत वरील आठ जोड्या वाजवाव्यात; ज्या जागा आपल्या नाहीत त्या हळू आवाजात म्हणाव्यात. दुचाकीच्या सिग्नलवर किंवा लोकलमध्ये उभ्या उभ्याही हे मनात करता येते. मात्र बैठकीत समोर कागद ठेवू नये. कागद वाचणाऱ्याचे कान बंद होतात, आणि इथे कानच मुख्य आहेत.

सहा घंटांवर

सहावर नियम तोच : एकदा तीनही जोड्या बदलतात, पुढच्या ओळीत पहिली आणि शेवटची जागा स्थिर राहून मधल्या दोन जोड्या बदलतात. बारा बदलांनंतर राउंड्स परत येतात.

१ २ ३ ४ ५ ६
२ १ ४ ३ ६ ५
२ ४ १ ६ ३ ५
४ २ ६ १ ५ ३
४ ६ २ ५ १ ३
६ ४ ५ २ ३ १
६ ५ ४ ३ २ १
५ ६ ३ ४ १ २
५ ३ ६ १ ४ २
३ ५ १ ६ २ ४
३ १ ५ २ ६ ४
१ ३ २ ५ ४ ६
१ २ ३ ४ ५ ६

तिघांचे काम मात्र आता सारखे राहत नाही. १-२ आणि ५-६ या जोड्यांत एक घंटा दुसरीच्या मागोमाग धावते. दोघींमध्ये बहुतेक वेळ एकच परकी घंटा असते आणि फक्त टोकांवर वळताना त्या शेजारी येतात. नवशिक्याला यांपैकी एक जोडी द्यावी. ३-४ ची जोडी विरुद्ध दिशांना जाते : उजवा हात मागे सरकत असतो तेव्हा डावा पुढे येत असतो, मधे भेट होते आणि पुन्हा दुरावा. पहिल्यांदा हे भयंकर वाटते, पण त्याला एक किल्ली आहे. या जोडीच्या दोन जागांची बेरीज प्रत्येक ओळीत ७ येते. ३ व ४, ४ व ३, ५ व २, ६ व १, पुन्हा ६ व १, ५ व २, असे. उजवा हात पाचव्या जागी असेल तर डाव्याची जागा शोधावी लागत नाही. घरात कोणी हिशेबाला पक्के असेल तर ही जोडी त्यांच्या हाती द्यावी.

प्लेन बॉब

प्लेन हंट बारा बदलांत संपतो, म्हणून लांब वाजवायचे तर त्यात कुठेतरी फरक करावा लागतो. प्लेन बॉबमध्ये तो फरक फक्त एका ठिकाणी आहे. ट्रेबल पहिल्या जागेवर दोन ओळी थांबते, त्या वेळी दुसऱ्या जागेवरची घंटाही हलत नाही आणि मग ती परत पहिल्या जागेवर जाते. तिसऱ्या-चौथ्या जागांवरच्या दोघी एक पाऊल उलटे टाकतात, पाचव्या-सहाव्या जागांवरच्याही तेच करतात. या उलट्या पावलाला डॉज म्हणतात. त्यामुळे १ ३ २ ५ ४ ६ नंतर राउंड्स न येता १ ३ ५ २ ६ ४ येते आणि हंट नव्या क्रमाने पुन्हा सुरू होतो.

दोघांनी आधी चार घंटांवर हे करावे. तिथे १ ३ २ ४ नंतर १ ३ ४ २ येते, आणि असे तीनदा झाले की २४ बदलांत राउंड्स परत येतात. म्हणजे चार घंटांचे जेवढे क्रम शक्य आहेत ते सगळे, प्रत्येकी एकदा, दोन माणसांनी साधारण अर्ध्या-पाऊण मिनिटात वाजवलेले असतात. सहावर, जिथे या रचनेला प्लेन बॉब मायनर म्हणतात, ट्रेबलच्या प्रत्येक फेरीअखेर अनुक्रमे १३५२६४, १५६३४२, १६४५२३, १४२६३५ आणि शेवटी १२३४५६ या ओळी येतात. पाच फेऱ्या, ६० बदल, सुमारे दोन मिनिटे. या पाच ओळी पाठ कराव्यात. गोंधळ झाल्यास त्याच वाचवतात.

आणि गोंधळ होतोच. हरवलेल्याने वाजवणे थांबवू नये, कारण त्याच्या दोन घंटा गप्प झाल्या की इतरांचाही ठेका सुटतो. त्याने आपल्या ठोक्याची पोकळी शोधत राहावे आणि ट्रेबल पहिल्या जागेवर आली की तिथून धागा पकडावा. प्रमुखाने ओरडू नये, फक्त जागा सांगावी : ‘३-४, तू आता दोन आणि पाचवर.’ दोघे हरवले तर ‘स्टँड’ म्हणून सरळ थांबवावे. खडखडाट रेटत नेल्याने काहीही शिकले जात नाही, उलट चुकीची आकृती हातात मुरते.

बैठक पाऊण तासाहून लांब नसावी आणि आठवड्यातून एकदा तरी तीच माणसे जमावीत, कारण एकमेकांच्या ठोक्याची सवय हा यातला मोठा भाग आहे. घंटांचा आवाज भिंतीपलीकडे तीक्ष्ण ऐकू येतो, तेव्हा सदनिकेत राहणाऱ्यांनी दुपारची झोप आणि रात्रीची वेळ टाळावी. वाजवून झाल्यावर काशावरचे बोटांचे ठसे मऊ, कोरड्या कापडाने पुसावेत. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात चामड्याच्या मुठींना बुरशी धरते, म्हणून त्या दिवसांत संच बंद पेटीत फार काळ ठेवू नये.

प्लेन बॉब मायनरचे ६० बदल लागोपाठ काही वेळा स्वच्छ झाले की लगेच पुढची रचना शोधण्यापेक्षा जागा बदलाव्यात, म्हणजे १-२ वाल्याने ३-४ घ्यावे आणि ३-४ वाल्याने ५-६. रचना तीच असली तरी हातांना ती संपूर्ण नवी लागते, आणि तिघांनाही तिन्ही जोड्या येऊ लागल्या की कोणी एक गावाला गेले म्हणून बैठक मोडत नाही. त्यानंतर प्रमुखाने ‘बॉब’ आणि ‘सिंगल’ या दोन सूचना शिकाव्यात. ट्रेबल पहिल्या जागेवर येताना त्या दिल्या की नेहमीची वाट बदलते, आणि त्या योग्य ठिकाणी दिल्यास सहा घंटांचे सगळे ७२० क्रम एकदाही पुनरावृत्ती न होता वाजवता येतात. वर सांगितलेल्या वेगाने त्याला पंचवीस मिनिटांच्या आत-बाहेर वेळ लागतो.